पायांवर वारंवार सूज येत असेल तर कारण कसे शोधावे

संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतू लागतो, जोडवी बोटात फिरत नाहीत, घोट्याचे हाड दिसेनासे होते आणि सकाळी उठल्यावर पाय बरेचसे पूर्ववत झालेले असतात. चाळिशी ओलांडलेल्या अनेक स्त्री-पुरुषांचे हे महिनोन्महिने चालते, आणि सकाळी सूज उतरते एवढ्याच कारणाने ते अंगावर काढले जाते. धानाची रोवणी, सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी सुरू असताना पाय सुजणारच, असे घरातले सगळे म्हणतात आणि त्यात काही अंशी तथ्यही असते. मात्र पुन्हा पुन्हा येणारी सूज हा बहुधा स्वतंत्र आजार नसतो. बिघाड पायाच्या शिरांमध्ये, रसवाहिन्यांमध्ये (शरीरातला जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांमध्ये), हृदयात, मूत्रपिंडात किंवा यकृतात असू शकतो, किंवा रोज घेतल्या जाणाऱ्या एखाद्या गोळीमुळेही सूज येऊ शकते. यांपैकी नेमके काय आहे हे ठरवल्याशिवाय केलेला उपाय म्हणजे अंधारात मारलेला दगड असतो.

पूर्व विदर्भात एक पाय सुजला की 'हत्तीपाय' आणि दोन्ही सुजले की 'किडनी', असे निदान पारावरच होऊन जाते. ही ढोबळ विभागणी अगदीच चुकीची नाही, पण तिच्या आधारे औषध घेणे धोक्याचे आहे. डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याआधी रुग्णाने आणि घरच्यांनी काय पाहावे, काय विचारावे, कोणत्या तपासण्यांचा आग्रह धरावा आणि कोणत्या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात, हे पुढे दिले आहे. अंतिम निदान अर्थातच तपासणीनंतर डॉक्टरांनीच करायचे आहे.

पाय कसा पाहावा

उजेडात दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत उघडे करून शेजारी शेजारी ठेवावेत. सूज एका पायाला आहे की दोन्ही, केवळ घोट्यापाशी आहे की पोटरीपर्यंत चढली आहे, तळपायाच्या वरच्या भागावर आणि बोटांवर आहे की नाही, हे आधी पाहावे. त्यानंतर नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटे वर, अंगठ्याने सावकाश दाबून मनात दहापर्यंत आकडे मोजावेत आणि अंगठा उचलून त्या जागेवरून बोट फिरवावे. खड्डा राहिला असेल तर कातडीखाली पाणी साचले आहे. हृदय, मूत्रपिंड, यकृत, रक्तक्षय आणि शिरांचे आजार यांत बहुधा असाच खड्डा पडतो. सूज दिसते पण दाबल्यावर खड्डा पडत नाही, कातडी जाड आणि टणक लागते, अशा वेळी जुना हत्तीरोग किंवा थायरॉइडची कमतरता यांचा विचार करावा लागतो.

आणखी एक साधी खूण बोटापाशी सापडते. पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूची कातडी चिमटीत धरून उचलून पाहावी. निरोगी पायाची कातडी सहज उचलली जाते, तर रसवाहिन्या तुंबलेल्या पायाची कातडी इतकी जाड झालेली असते की ती चिमटीत येतच नाही. दुसऱ्या पायाशी तुलना केली की फरक लगेच हाताला कळतो. चिमटीत कातडी येते म्हणून मात्र हत्तीरोग नाहीच, असे म्हणता येत नाही, कारण सुरुवातीच्या काळात ही खूण दिसत नाही.

शिंप्याकडचा टेप घरी असेल तर मोजमाप ठेवावे. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर हाताला जो उंचवटा लागतो, तेथून १० सेंटिमीटर खाली बॉलपेनने खूण करावी आणि दोन्ही पोटऱ्यांचा घेर त्याच जागी मोजावा. दोन्हींमध्ये ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, आणि विशेषतः तो गेल्या काही दिवसांत पडला असेल, तर तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. वहीत तारीख, सकाळचा घेर, संध्याकाळचा घेर आणि जमल्यास सकाळी लघवीला जाऊन आल्यावरचे वजन लिहीत जावे. दोनतीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले तर ते चरबीचे नसून साचलेल्या पाण्याचे असते.

सूज सर्वप्रथम कुठे दिसली, हेही आठवून सांगावे. सकाळी उठल्यावर डोळ्यांच्या पापण्या आणि चेहरा सुजलेला दिसतो आणि पाय नंतर सुजतात, असा क्रम असेल तर संशय मूत्रपिंडावर जातो. पोट आधी फुगले आणि पाय मागाहून सुजले तर यकृतावर, आणि पाय आधी सुजून सोबत दम लागू लागला तर हृदयावर. हा क्रम प्रत्येक रुग्णात पाळला जातोच असे नाही, पण तो सांगितल्याने डॉक्टरांचा बराच वेळ वाचतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे पाय कोरडे दिसतात आणि पाणी कमरेच्या मागच्या बाजूला साचते, म्हणून अशा रुग्णाची कंबरही दाबून पाहावी.

थांबू नये अशा वेळा

पुढील परिस्थितीत वही, टेप आणि निरीक्षण बाजूला ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. सुजेसोबत छातीत दुखणे, एकाएकी धाप लागणे, खोकल्यातून रक्त येणे, आडवे झोपताच गुदमरणे, लघवी अगदी कमी होणे किंवा भान हरपणे ही लक्षणे असतील तर सकाळची वाट पाहू नये. गर्भवती किंवा नुकतीच बाळंत झालेल्या स्त्रीला सुजेसोबत तीव्र डोकेदुखी, डोळ्यांसमोर अंधारी किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे असेल तर रक्तदाब तत्काळ मोजलाच पाहिजे. पावसाळ्यात रात्री वावरातून आल्यानंतर किंवा जमिनीवर झोपून उठल्यानंतर एक पाय भराभर सुजू लागला, तर चाव्याच्या खुणा दिसोत वा न दिसोत, सर्पदंश गृहीत धरून दवाखाना गाठावा.

एकाच पायाला सूज असेल तर

एक पाय दोनचार दिवसांत सुजला, पोटरी दुखते, दाबल्यावर कळ येते, कातडी गरम लागते, असे असेल तर खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. पायाला प्लास्टर झाले असेल, अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, दीर्घ आजाराने माणूस पडून असेल, कर्करोगावर उपचार चालू असतील, बाळंतपण नुकतेच झाले असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर हा संशय बळावतो. अशा पायाला तेल लावून चोळणे ही सर्वांत घातक गोष्ट आहे, कारण सुटलेली गुठळी थेट फुप्फुसात जाऊन अडकते. याचे निदान कलर डॉपलर, म्हणजे शिरेतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने होते आणि रक्त पातळ करणारी औषधे वेळेवर सुरू केल्यास जीव वाचतो. ती बहुधा किमान तीन महिने चालतात आणि मध्येच बंद करायची नसतात.

पाय लाल झाला, थंडी वाजून ताप आला आणि जांघेत गाठ दुखू लागली, तर तो जंतुसंसर्ग असतो. जंतूंना आत शिरायला वाट लागते आणि आपल्याकडे ती वाट बहुतेक वेळा पायाच्या बोटांच्या बेचक्यांत असते. रोवणीच्या दिवसांत चिखलात तासन् तास उभे राहिल्याने होणाऱ्या चिखल्यांना कोणी आजार मानत नाही, पण त्या भेगांतून शिरलेला संसर्ग मधुमेही माणसाचा पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकतो.

आता हत्तीरोगाविषयी थोडे सविस्तर. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर आणि वर्धा या जिल्ह्यांत हा आजार पिढ्यान्पिढ्या आहे. घाण पाण्यात वाढणाऱ्या क्यूलेक्स डासांमार्फत सूक्ष्म जंतू शरीरात जातात, प्रौढ कृमी रसवाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतात आणि त्या वाहिन्यांची निचरा करण्याची क्षमता हळूहळू नष्ट करतात. लागण अनेकदा लहानपणीच झालेली असते, पण सूज तिशी-चाळिशीत दिसते. सुरुवातीला ती येते आणि जाते. वर्षातून दोनतीनदा थंडीताप येतो, पाय लाल होऊन सुजतो, आठवड्याभरात उतरतो आणि माणूस ते विसरून जातो. प्रत्येक अशा झटक्यानंतर पाय मूळ आकारापेक्षा थोडा जाड राहतो. म्हणून 'मला दर पावसाळ्यात ताप येऊन पाय सुजतो' हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

या रोगाचे सूक्ष्म जंतू रात्री रक्तात येतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री घरोघर फिरून रक्ताचे नमुने घेतात. मात्र पाय जाड झालेल्या रुग्णाच्या रक्तात जंतू अनेकदा सापडतच नाहीत, त्यामुळे नमुना निर्दोष आला म्हणजे हत्तीरोग नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. २००४ पासून देशात सामुदायिक औषधोपचार मोहीम राबवली जाते. तीत डीईसी आणि अल्बेंडाझोल ही औषधे दिली जातात. नागपूर जिल्ह्यात २०१९ पासून त्यांत आयव्हरमेक्टिन या तिसऱ्या औषधाची भर पडली. गर्भवती स्त्रिया, अगदी लहान मुले आणि गंभीर आजारी माणसे सोडून सर्वांनी या गोळ्या जेवणानंतर, कर्मचाऱ्यासमोरच घ्यायच्या असतात. 'मला काही झाले नाही, मी का घेऊ' असे म्हणून गोळ्या उशाखाली ठेवणारी माणसे प्रत्येक गावात आहेत, आणि गावात डासांमार्फत फिरणारे जंतू बहुधा अशाच निरोगी दिसणाऱ्या अंगात असतात. ज्याचा पाय आधीच जाड झाला आहे त्याचा पाय या गोळ्यांनी बारीक होत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे, नाही तर निराशेपोटी लोक वैदूच्या मागे लागतात.

हत्तीपायासाठी खरा उपयोग होतो तो रोजच्या निगेचा. पाय साध्या पाण्याने आणि अंगाच्या साबणाने गुडघ्यापासून खाली धुवावा, घड्यांमधला आणि बोटांमधला मळ बोटानेच काढावा, ब्रश किंवा दगड वापरू नये. त्यानंतर स्वच्छ फडक्याने टिपून बेचके पूर्ण कोरडे करावेत. चिरा किंवा चिखल्या असतील तेथे दवाखान्यातून मिळालेले बुरशीचे मलम लावावे. बसताना पाय पाटावर किंवा खाटेवर ठेवावा, रात्री पायाखाली उशी घ्यावी आणि टाच वरखाली करण्याचा व्यायाम दिवसातून काही वेळा करावा. तापाचा झटका आला की मात्र चोळणे आणि व्यायाम थांबवून ओल्या फडक्याने पाय थंड ठेवावा, पॅरासिटामॉल घ्यावे आणि प्रतिजैविकासाठी डॉक्टरांकडे जावे. हे नियमाने केले तर झटके खरोखर कमी होतात आणि पाय वाढायचा थांबतो.

शिरा फुगण्याचा आजार एका पायाला किंवा दोन्ही पायांना होतो. हॉटेलात भट्टीपाशी उभा राहणारा, गिरणीवाला, शिक्षक, एसटीचा वाहक, दिवसभर वेचणी करणारी बाई यांच्यात तो अधिक दिसतो. पायाच्या शिरांमध्ये रक्त वरच्या दिशेनेच जावे म्हणून झडपा असतात. विहिरीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह गळू लागला की पाइपातले पाणी जसे खाली उतरते, तसे या झडपा निकामी झाल्यावर रक्त खाली घोट्याकडे उतरून साचते. नागमोडी निळ्या शिरा, संध्याकाळी जड होणारे पाय, रात्री पोटरीत येणारे गोळे, आणि पुढे घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी होऊन खाजू लागणे, असा याचा प्रवास असतो. तपकिरी डागाच्या जागी झालेली जखम महिनोन्महिने भरत नाही. लवचीक मोजे किंवा पट्टी, पाय उंच ठेवणे आणि गरजेनुसार शिरेवरची शस्त्रक्रिया किंवा लेझर हे उपचार आहेत. मात्र पट्टी बांधण्याआधी पायाची नाडी तपासून घ्यावी, कारण अनेक वर्षे बिडी ओढणाऱ्या माणसाच्या धमन्या आधीच अरुंद झालेल्या असू शकतात आणि घट्ट पट्टीने त्याच्या पायाचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो.

न भरणाऱ्या जखमेचे आणखी एक कारण आपल्या भागात विसरता येत नाही, ते म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. घरात कोणाला सिकलसेल असेल किंवा वारंवार सांधेदुखीचे आणि काविळीचे झटके येत असतील, तर घोट्याजवळच्या जखमेसोबत ती तपासणीही करून घ्यावी.

दोन्ही पाय सुजत असतील तर

दोन्ही पाय सुजतात असे कोणी सांगितले की माझ्या मते सर्वांत आधी त्याची गोळ्यांची पिशवी रिकामी करून पाहावी. आपल्याकडे रक्तदाबासाठी सर्रास दिली जाणारी अॅम्लोडिपिन ही गोळी घोटे सुजवते. मात्रा ५ मिलिग्रॅमवरून १० मिलिग्रॅम केल्यानंतर हे अधिक दिसते, स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण जास्त असते आणि चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यातील उन्हात ही सूज आणखी वाढते. औषध चांगले आहे, त्यामुळे ते स्वतःच्या मनाने बंद करू नये. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, सोबत दुसरे औषध देऊ शकतात किंवा गोळी बदलू शकतात. या सुजेवर लघवीची गोळी देण्यात फारसा अर्थ नसतो, कारण शरीरात पाणी जास्त झालेले नसते, ते बारीक रक्तवाहिन्यांतून पाझरून घोट्याशी साचलेले असते. मधुमेहासाठीची पायोग्लिटाझोन आणि नसांच्या दुखण्यासाठीची प्रेगाबालिन किंवा गॅबापेंटिन यांनीही पाय सुजतात.

दुसरा आणि अधिक गंभीर प्रकार वेदनाशामकांचा. दिवसभर निंदण करून कंबर धरली की किराणा दुकानातून घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा अॅसिक्लोफिनॅकची गोळी अनेक घरांत रोज घेतली जाते. या गोळ्या मीठ आणि पाणी शरीरात अडवून ठेवतात, रक्तदाब वाढवतात आणि दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंडाला इजा करतात. गुडघेदुखीवर बाजारात 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे अनेकदा आढळते. पुडी घेतल्यावर दोन दिवसांत दुखणे जादूसारखे नाहीसे झाले, भूक वाढली, चेहरा गोल झाला आणि पाय सुजले, तर पुडी सोबत घेऊन दवाखान्यात जावे. अशी पुडी बरेच महिने घेतली असल्यास ती एकदम थांबवणेही धोक्याचे असते, कारण शरीराने स्वतःचे स्टिरॉइड बनवणे कमी केलेले असते.

मूत्रपिंडाच्या आजारात लघवीला फेस येतो आणि तो बराच वेळ टिकतो, कारण रक्तातील प्रथिने लघवीतून गळत असतात. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही मध्यमवयात याची दोन मोठी कारणे आहेत. येथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. अनेक जण केवळ रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) पाहून 'किडनी चांगली आहे' असे समजतात, परंतु मूत्रपिंडाचे जवळपास निम्मे काम बिघडेपर्यंत क्रिएटिनिन सामान्य राहू शकते. लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन त्याच्या बरेच आधी सापडते आणि पट्टीवरची ती तपासणी काही मिनिटांची असते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरचे पाणीच खारट असते. तेथील रुग्णाने कोणत्या स्रोताचे पाणी पितो हे डॉक्टरांना सांगावे, कारण ताटातले मीठ कमी केले तरी पाण्यातले मीठ पोटात जातच राहते.

हृदय दुबळे झाल्यामुळे येणारी सूज संध्याकाळी वाढते, चढ चढताना किंवा पाण्याची कळशी आणताना दम लागतो, रात्री दोनतीन उशा घ्याव्या लागतात आणि झोपेतून गुदमरून उठावे लागते. याची नेहमीची कारणे म्हणजे जुना रक्तदाब, हृदयविकाराचा झटका आणि लहानपणीच्या सांधेतापाने खराब झालेल्या झडपा. यांशिवाय खेड्यातल्या बायकांच्या बाबतीत एक कारण हमखास निसटते, ते चुलीचे. पंचवीस-तीस वर्षे कोंदट स्वयंपाकघरात पऱ्हाट्या आणि तुराट्यांच्या धुरापुढे बसलेल्या बाईचे फुप्फुस बिडी ओढणाऱ्या पुरुषासारखेच खराब होते. खराब फुप्फुसातून रक्त ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू थकते आणि पाय सुजू लागतात. 'मी तर कधी व्यसन केले नाही' असे ती म्हणते आणि ते खरेच असते. म्हणून दीर्घकाळचा खोकला, हिवाळ्यात वाढणारी धाप आणि पायांची सूज ही तीन लक्षणे एका बाईत असतील, तर चुलीविषयी स्वतःहून सांगावे.

यकृताच्या आजारात पोट पाण्याने फुगते, हातपाय बारीक होतात, डोळे पिवळे दिसतात. मोहाची असो वा देशी, वर्षानुवर्षांची दारू हे त्याचे मोठे कारण, पण हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंमुळे न पिणाऱ्यालाही हा आजार होतो. दारूच्या आहारी जाऊन केवळ भातावर दिवस काढणाऱ्या माणसात ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावानेही पाय सुजतात आणि हृदय थकते. ही स्थिती त्या जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनने झपाट्याने सुधारू शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या ध्यानात आणून द्यावी.

रक्तक्षयात केवळ थोडे रक्त कमी असल्याने पाय सुजत नाहीत, ते फारच खाली गेले तर सुजतात. पन्नाशीच्या आसपास पाळीत अतिरक्तस्राव होणाऱ्या स्त्रिया वर्षानुवर्षे ६-७ ग्रॅम हिमोग्लोबिनवर शेतात राबत असतात. धानाच्या बांधीत अनवाणी काम करणाऱ्यांना अंकुशकृमीची लागण होऊन हळूहळू रक्त जाते. लोहाच्या गोळ्या घेताना रक्त कुठून जाते आहे, याचा शोध घेतलाच पाहिजे. पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होत असेल, किंवा ओटीपोटात गाठ लागत असेल आणि पाय सुजत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी आणि सोनोग्राफी लांबणीवर टाकू नये. थायरॉइडच्या कमतरतेत सुजेसोबत वजन वाढते, थंडी सहन होत नाही, आवाज जाड होतो आणि बद्धकोष्ठता होते, त्यासाठी टीएसएच ही एक रक्ततपासणी पुरते.

एकाच घरातील तीनचार माणसांचे पाय एकाच सुमारास सुजले तर वेगळाच विचार करावा. पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल खाद्यतेलात मिसळल्याने असे होते. १९९८ मध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलाने अशी मोठी साथ आली होती. सुट्या तेलाचा डबा बाजूला काढून ठेवून आरोग्य केंद्राला कळवावे.

सूज केवळ घोट्याच्या किंवा गुडघ्याच्या सांध्यापुरती असेल, सकाळी सांधे आखडत असतील, तर तो संधिवात किंवा युरिक अॅसिडचा आजार असू शकतो. चिकनगुनियानंतरही सांधे अनेक महिने सुजत राहतात.

तपासण्या कोणत्या आणि कुठे

प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन, रक्तातील साखर आणि लघवीतील अल्ब्युमिन या तपासण्या होतात. या पाच गोष्टींनी निम्मे काम होऊन जाते, म्हणून थेट शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जाऊन महागड्या तपासण्यांनी सुरुवात करण्याची गरज नसते. क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, प्रथिने आणि टीएसएच यांसाठी रक्ताचा नमुना पुढे पाठवला जातो. ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि सोनोग्राफी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, तर टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि कलर डॉपलर जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयात होतात. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेडिकल), मेयो आणि एम्स ही रुग्णालये, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, तसेच यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया येथील शासकीय महाविद्यालये त्यासाठी आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या निःशुल्क आहेत, वैद्यकीय महाविद्यालयांची व्यवस्था मात्र वेगळी आहे. भरती होण्याची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावे.

निदान होईपर्यंत घरी

दिवसातून तीनचार वेळा पंधरा-वीस मिनिटे पाय छातीच्या पातळीपेक्षा उंच ठेवून पडावे, मात्र आडवे होताच धाप लागत असेल तर हे करू नये. मीठ दिवसाला एकूण ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, ठेवावे. ठेचा, लोणचे, पापड, कुरडया, शेव-चिवडा यांतले मीठही त्यातच मोजायचे असते. सैंधव घेतले म्हणून सूट मिळत नाही, तेही मीठच आहे. 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते घातक ठरू शकते. पाणी कमी पिण्याचा निर्णय स्वतः घेऊ नये, विशेषतः उन्हाळ्यात.

बिब्बा घालणे, डाग देणे, सुजेवर दोरा आवळून बांधणे हे प्रकार अजूनही चालतात. बिब्ब्याने कातडी भाजून फोड येतात आणि सुजलेल्या, ओलसर कातडीवरच्या त्या जखमेतून संसर्ग आत शिरतो. याहून अधिक सर्रास होणारी गोष्ट म्हणजे शेजाऱ्याला लागू पडली म्हणून घेतलेली लघवीची गोळी. फुरोसेमाइडने दोन दिवसांत पाय बारीक दिसतात, पण पोटॅशियम खाली जाऊन अशक्तपणा येतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि मूळ आजाराचा पुरावाच पुसला जातो. लघवी तपासण्याआधी ही गोळी सुरू करू नये, इतके पथ्य पाळले तरी पुष्कळ.

सर्व तपासण्या निर्दोष येणेही शक्य आहे. तसे झाले तर वाढलेले वजन, दीर्घकाळ उभे राहणे, पाय लोंबकळत ठेवून लांबचा प्रवास किंवा शिरांचा सुरुवातीचा दुबळेपणा ही कारणे उरतात. वजन उतरवणे, कामात तासाभराने दहा मिनिटे बसणे, चालणे आणि पाय उंच ठेवून झोपणे यांनी अशी सूज आटोक्यात राहते. त्यानंतरही दर सहा महिन्यांनी रक्तदाब आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे आणि प्रत्येक तपासणीचा कागद जपून ठेवावा. गेल्या वर्षीचे क्रिएटिनिन ०.९ आणि या वर्षीचे १.३ असेल तर दुसरा आकडा एकटा पाहणाऱ्याला तो जेमतेम वाढलेला वाटेल. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहणाऱ्या डॉक्टरांना मात्र मूत्रपिंडाचे काम कमी होत असल्याची शंका येईल आणि ते पुढची तपासणी लवकर सांगतील.